सायटेशन किती ते सोडा, कुठून आली ते बघा

टिळकवाडीकर (धागा काढणारा)

सप्टेंबर लागला की बेळगावात मांडवांबरोबर आणखी एक गोष्ट उभी राहते: 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आमचे सर' असे फ्लेक्स. मांडवांबद्दल माझी तक्रार नाही. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे यादी आली की पहिला फोन मला येतो. आपले किती आहेत ते संध्याकाळपर्यंत काढून द्या. मी काढून देतो. हे आकडे हाताळता हाताळता माझं एक मत बनलंय, ते इथे टाकतो. झोडपायला सगळे मोकळे.

आधी यादीबद्दल. स्टॅनफर्डमधले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या नोंदसंग्रहातले आकडे घेऊन ती तयार करतात. पहिली २०१९ साली निघाली. विद्यापीठ यात कोणाला काही बहाल करत नाही, त्यामुळे 'स्टॅनफर्डचा पुरस्कार' हे आपल्या बातमीदारांचं कर्तृत्व. याद्या दोन असतात, एक अख्ख्या कारकिर्दीची आणि एक फक्त त्या वर्षाची. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. फ्लेक्सवर कुठली ते लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

माझं म्हणणं असं की संशोधकाचं मोल सायटेशनच्या बेरजेत शोधू नये. ती कुठून आली ते बघावं. एकाच विषयातले, एकाच कॉन्फरन्सला भेटणारे लोक एकमेकांची नावं घेतात, त्यात वाईट काही नाही, पण त्यातून फारसं कळतही नाही. ज्याने तुमचं तोंड पाहिलेलं नाही, ज्याचा विषय भलताच, त्याला तुमच्या पेपरवाचून पुढे जाता आलं नाही, तर त्या पेपरात दम आहे.

शंभुनाथ डे यांचंच बघा. कलकत्त्याचे पॅथॉलॉजिस्ट. पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ सालीच दाखवला होता, पण तो माणसाला मारतो कसा हे पुढची सत्तर वर्षं कोणाला धड सांगता येत नव्हतं. डे यांनी सशाचं पोट उघडलं, लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला, त्यात पटकीच्या जंतूंचं द्रावण टोचलं आणि पोट शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर तेवढाच तुकडा पाण्याने टम्म फुगलेला. हे १९५३ चं. मग १९५९ साली त्यांनी जंतू गाळून बाजूला काढले आणि नुसतं गाळलेलं द्रावण टोचलं. तरीही आतडं फुगलं. म्हणजे जीव घेतंय ते जंतूने सोडलेलं विष. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छोटासा पेपर आला आणि बरीच वर्षं त्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला तो युजीन गारफील्ड यांनी, म्हणजे १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढून ज्यांनी हा मोजणीचा कारखाना सुरू केला त्यांनीच!

आणि त्या विषाचा प्रवास बघा. पेशीविज्ञानवाल्यांनी ते पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारं द्रव्य) वाढवायला वापरलं. बाहेरचा निरोप पेशीच्या आत नेणाऱ्या जी-प्रथिनांच्या शोधात ते हत्यार ठरलं, त्या शोधाला १९९४ चं नोबेल मिळालं. मेंदूतले धागे कुठून कुठे जातात हे रंगवून बघणारे त्याच विषाचा बिनविषारी भाग वापरतात. या लोकांचा पटकीशी काडीचा संबंध नाही. फ्लेक्स लावायचाच तर अशा माणसाचा लावा.

वडगाव_गल्ली

काय ओ सर, एवढं लिवलासा, पण सायटेशन म्हंजे काय ते आमच्यासारख्यास्नी सांगा की आधी. आमचा पोरगा एमबीबीएसला हाय, त्यो बी नीट सांगंना.

टिळकवाडीकर

एकाने पेपर लिहिला. दुसऱ्याने आपल्या पेपरच्या शेवटी 'हे अमक्याच्या पेपरात आहे' अशी नोंद केली, की पहिल्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा. शिव्या घालण्यासाठी नाव घेतलं तरी एक. शिवाय एच-इंडेक्स असतो, हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेला. तुमच्या वीस पेपरांना प्रत्येकी निदान वीस सायटेशन असली की तुमचा एच वीस. आयुष्यात दोनच पेपर लिहिले आणि दोन्ही जगाने डोक्यावर घेतले, तरी एच दोनच.

वडगाव_गल्ली

म्हंजे शिव्या खाऊन बी मोठं हुता येतंय. बेस हाय की.

खानापूर_दवाखाना

टिळकवाडीकर, शहरात बसून 'परक्या विषयाला लागलं का' असं विचारणं सोपं आहे. मी जंगलाच्या कडेला प्रॅक्टिस करतो, मला उलटा प्रश्न पडतो: जवळच्या माणसाला लागलं का?

माकडताप घ्या. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी विषाणू शोधला, तो गोचिडीतून येतो हे दाखवलं. पुढे अनेक दशकं आजार त्याच पट्ट्यात होता. मग २०१५ ला गोव्याच्या सत्तरीत, २०१६ ला दोडामार्गात. आणि काजूच्या हंगामात गोव्याला मजुरीला जाणारे आपल्या जिल्ह्यातले लोक तो ताप घेऊन घरी यायला लागले. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम एकच, पाचोळा तुडवतच बोंडं गोळा करायची असतात.

आता सांगा, या आजारावर जगात काम करणारे किती? बोटावर मोजण्याइतके. मग सायटेशन देणार कोण? आणि परक्या विषयातून तर कोणीच नाही देणार. दोडामार्गच्या साथीवर ज्याने गोचिडी वेचून, रक्ताचे नमुने पुण्याला पाठवून पेपर लिहिला, त्याला तुमच्या फ्लेक्सवर जागा नाही. तुम्ही मोजपट्टी बदलली नाही, तीच दुसऱ्या बाजूने धरलीत.

निपाणीकर_पुण्यात

दोघांशीही असहमत. आणि जरा रागाने लिहितेय.

आकड्यांना नावं ठेवणारे बहुतेक सगळे आधीच खुर्चीत बसलेले असतात. माझी आई विड्या वळायची. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. पुण्यात एका लॅबमध्ये पीएचडी करतेय. उद्या मुलाखतीला गेले तर समितीतल्या कोणाचा माझ्या गाईडशी दोस्ताना नाही, माझं आडनाव कोणाच्या ओळखीचं नाही. दाखवायला माझ्याकडे काय? गूगल स्कॉलरचं एक पान, माझे पेपर आणि त्यांची सायटेशन दाखवणारं. तो आकडा काढून घेतला तर उरतो वशिला. 'कामाचा दर्जा बघा, आकडा बघू नका' हे वाक्य मी अशाच एका मुलाखतीत ऐकलंय, आणि निवड झाली ती समितीतल्या एकाच्या विद्यार्थ्याची.

खानापूरचे डॉक्टर म्हणतात त्यावर उपाय काढलेले आहेत. शाखेच्या सरासरीशी तोलून काढलेला आकडा असतो, त्यात १ म्हणजे जागतिक सरासरी. गणितातले पेपर कमी उद्धृत होतात, वैद्यकातले धो धो होतात, म्हणून गणितवाला लहान ठरत नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०१६ साली आणखी बारीक चाळणी काढली. तुमचा पेपर ज्या पेपरांच्या जोडीने उद्धृत होतो, त्यांच्याशीच तुमची तुलना.

आणि टिळकवाडीकर सर, तुमच्या 'परक्या शाखा' कसोटीवर पहिला नंबर कोणाचा येईल माहीत आहे? लॉरीचा. १९५१ चा, प्रथिनं मोजायच्या पद्धतीचा पेपर. २०१४ साली 'नेचर'ने सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची यादी केली, त्यात तो अव्वल, तीन लाखांवर सायटेशन. वॉटसन आणि क्रिकचा डीएनएचा पेपर त्या शंभरांत नव्हता. म्हणजे तुमच्या हिशोबाने प्रथिनं मोजणारा डीएनएची रचना सांगणाऱ्यांपेक्षा मोठा.

टिळकवाडीकर

लॉरीचा फ्लेक्स मी स्वतःच्या खर्चाने लावीन. चेष्टा नाही करत. हजारो लॅबमधल्या पोरांना ज्याने एक निळा रंग बघून प्रथिन किती ते सांगायला शिकवलं, त्याला लहान का म्हणायचं? अलौकिक बुद्धिमत्ता मोजायची भाषा मी केलेलीच नाही. उपयोग किती दूर गेला एवढंच मी मोजतोय.

वशिल्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण आकडाही वशिल्याने वाढतो, ते मी रोज बघतो. विभागप्रमुखाचं नाव प्रत्येक पेपरवर, मग एच आपोआप फुगतो. आयोनिडिस यांच्या यादीत स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशनची टक्केवारी वेगळ्या रकान्यात असते, आणि एकट्याने लिहिलेले, पहिल्या आणि शेवटच्या नावाचे पेपर वेगळे धरलेले असतात. ते रकाने कोणी उघडत नाही. निरोप येतो तो एवढाच, 'नाव आहे का?'

खानापूर_दवाखाना

निपाणीकर, शाखेच्या सरासरीचं औषध माझ्या दुखण्याला लागू पडत नाही. क्यासनूरचा विषाणू 'विषाणूशास्त्र' या खणात जातो. त्याच खणात एचआयव्ही, त्याच खणात कोरोना. २०२० नंतर त्या खणाची सरासरी कुठे गेली असेल? आमच्या गोचिडीवाल्याने तिच्याशी झुंजायचं!

व्यवस्थापक

सीमाप्रश्नाकडे गाडी वळवणारे प्रतिसाद काढले आहेत. त्याला वेगळा धागा आहे, तिथे जा. इथे विषय संशोधनाचा आहे.

चंदगडी_नाना

माझं गाव सीमेच्या अलीकडे, पण दवाखान्याला बेळगावच जवळ, म्हणून दोन शब्द लिहितो.

आपल्या घाटात नरक्या नावाचं झाड आहे. तुडवलेल्या पाल्याचा वास असा की जनावरही तोंड लावत नाही. त्याच्या सालीत आणि लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्याच्यापासून इरिनोटेकान, टोपोटेकान ही कर्करोगाची औषधं होतात. हे द्रव्य आधी एका चिनी झाडातून काढलं ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, १९६६ साली, अमेरिकेत. वाणी आपले नंदुरबारचे. १९७१ साली याच जोडीने टॅक्सोल या कर्करोगावरच्या दुसऱ्या द्रव्याची रचना छापली. आपल्या नरक्यातही कॅम्प्टोथेसिन आहे, हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं.

टिळकवाडीकरांच्या कसोटीला वाणींइतका चपखल माणूस नाही. माणूस रसायनशास्त्राचा. टॅक्सोल पेशीतल्या सूक्ष्मनलिका गोठवून टाकतं, हे १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवल्यावर पेशीविज्ञानवाल्यांनी ते उचललं. मग स्तनाच्या आणि बीजकोषाच्या कर्करोगाचे डॉक्टर आले. मग वनस्पतिशास्त्रज्ञ, मग जंगल वाचवणारे, कारण टॅक्सोल झाडाच्या सालीतून काढायचं, आणि एकेका रुग्णासाठी झाडं सोलायची वेळ आली. एका पेपराने एवढ्या विषयांतले लोक कामाला लावले. तरी नंदुरबारच्या किती पोरांना त्यांचं नाव ठाऊक असेल?

खानापूर_दवाखाना

नाना, नरक्याचं पुढचं पण सांगा ना. त्या पेपरांनंतर काय झालं? सालीला भाव आला आणि झाडं बुंध्यापासून तोडून पोती भरून गेली. कोवळी, जून, काही बघितलं नाही. माझ्या ओळखीतल्या जंगलात एकेकाळी वाटेवर लागणारं झाड आता फॉरेस्टचा माणूस सोबत घेऊन शोधावं लागतं. नरक्यावरचे पेपर वाढतच चाललेत, नवे पेपर आता ते झाड टिश्यू कल्चरने कसं वाचवायचं यावर. परक्या शाखेत गेलेल्या सायटेशनमध्ये हेही धरायचं का?

चंदगडी_नाना

त्यात वाणींचा काय दोष? आणि भाव पेपराने ठरत नाही, व्यापारी ठरवतो.

सिस्टर_रिटायर

मी एएनएम होते, म्हणजे उपकेंद्रातली बाळंतपणं करणारी सिस्टर. मोठमोठे शब्द मला येत नाहीत, पण एक विषय राहिला, तो आपल्याच जिल्ह्यातला.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरच्या गोळीचा अभ्यास इथेच झाला होता ना? मिसोप्रोस्टॉल. आमच्या ओळखीच्या काही सिस्टर त्यात होत्या. २००२ ते २००५ ची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे घरीच बाळंतपणं फार. रक्त किती गेलं याचा अंदाज म्हणजे पोतं किती भिजलं, लुगड्याच्या किती चिंध्या झाल्या. कंदिलाच्या उजेडात काय कळतंय? अभ्यासात एक प्लास्टिकची चादर दिली होती. बाळ झालं की ती बाईच्या खाली सरकवायची, नाड्या पोटावर बांधायच्या, खालच्या बाजूला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी लोंबते, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. रक्त त्यात उतरतं आणि रेघ वाचायची. पाचशेच्या वर गेलं की धोका. नाळ कापल्यावर पाच मिनिटांच्या आत गोळी द्यायची. बायांना हुडहुडी भरायची, थोडा ताप यायचा, घरातली म्हातारी घाबरायची, तिला समजवायचं कोणी? आम्हीच.

त्या पेपरावर आमच्यातलं कोणाचं नाव आहे का हो?

टिळकवाडीकर

सिस्टर, धाग्याला हेच हवं होतं. तो पेपर २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १,६२० बायका, निम्म्यांना गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. दर अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो, असा हिशोब निघाला. गावात बाळंतपणं करणाऱ्या, गोळी देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या एएनएम पंचवीस होत्या. पेपरात हा आकडा आहे, लेखकांत त्यांची नावं नाहीत. लेखक बारा: पहिलं नाव अमेरिकेच्या रिचर्ड डर्मन यांचं, मग आपल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे कोडकणी, गौडर, पुढे बाकीचे.

आणि याची सायटेशन कुठून आली आहेत ते बघा. स्त्रीरोगवाल्यांकडून येणारच. औषधशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, आरोग्यधोरण, नीतिशास्त्र, सगळीकडून आहेत. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव रोखण्यासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. २०१२ साली लंडनच्या काही अभ्यासकांनी पुरावा एवढा भक्कम नाही असं लिहिलं, तेही याच पेपराचं नाव घेऊन. माझ्या खात्यात तीही सायटेशन मोलाची. भांडायला लावणारा पेपर वाचलेला असतो.

निपाणीकर_पुण्यात

गोळीपेक्षा चादरीचं काय झालं ते जास्त मजेदार आहे. आपल्याच जिल्हा रुग्णालयात त्या चादरीची परीक्षा झाली होती. डोळ्यांनी केलेला अंदाज चादरीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला, म्हणजे अनुभवी माणसालाही एक तृतीयांश रक्त दिसतच नव्हतं. हाही पेपर २००६ चा. मग २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. अशीच रेघांची चादर आणि लगेच करायच्या उपचारांचा एक संच. जिवावर बेतणारा प्रकार ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. जगभर नाव झालं ते या दुसऱ्या अभ्यासाचं. चादरीच्या पेपराला यातलं किती श्रेय पोचलं असेल ते गूगल स्कॉलरवर दिसणार नाही. रोजच्या वापरात गेलेल्या गोष्टीचं मूळ कोणी लिहीत बसत नाही.

खानापूर_दवाखाना

चादर उत्तम, माझ्याकडेही आहे. पण गोळीच्या त्या अभ्यासावर एक प्रश्न मला नेहमी खुपतो. निम्म्या बायकांना औषध नसलेली गोळी? रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन तेव्हाही होतंच की. शहरातल्या बाईला ते मिळतं, आणि गावातल्या बाईवर अभ्यास म्हणून रिकामी गोळी. पेपर जगभर गाजतो तेव्हा हा प्रश्न सायटेशनच्या आकड्याखाली दबतो.

सिस्टर_रिटायर

डॉक्टर, ऑक्सिटोसिन इंजेक्शन असतंय. ते थंड ठेवावं लागतंय. आमच्या उपकेंद्रात फ्रीज कुठला? पावसाळ्यात चार-चार दिवस लाइट नसायची. त्या बायांना एरवी काहीच मिळत नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही तेव्हा कुठं होता?

खानापूर_दवाखाना

तेव्हा मी शिकत होतो. पण 'एरवी काही मिळत नव्हतं' हे सरकारला विचारायचं, त्या बाईच्या जिवावर अभ्यास करायचं ते कारण नव्हे.

सिस्टर_रिटायर

सरकारला विचारत बसलो असतो तर अजून विचारतच असतो.

वडगाव_गल्ली

सिस्टर, एक नंबर!

निपाणीकर_पुण्यात

मूळ मुद्द्याकडे येते. टिळकवाडीकर सर, तुमचा 'अनेक शाखांत पोचलेला' माणूस कौतुकाला बरा, पण त्याला नोकरी देत कोणी नाही. मुलाखतीत पहिलं वाक्य असतं, 'हा आमच्या विषयाचा नाही.'

यल्लाप्रगडा सुब्बाराव हे जीवरसायनशास्त्रज्ञ घ्या. १९२५ साली फिस्के यांच्याबरोबर फॉस्फरस मोजायची पद्धत काढली. आमच्या एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला अजून तीच असते: मॉलिब्डेट घाला, एएनएसए हे रंग आणणारं रसायन घाला, निळा रंग चढला की कलरीमीटरवर वाचा. त्याच कामातून पुढे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं द्रव्य, हाती लागलं. एवढं करून हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही. १९४० साली ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिड तयार झालं, त्याला आडवं जाणारं ॲमिनोप्टेरिन झालं, जे सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन १९४८ साली निष्कर्ष छापले. हत्तीरोगावरचं डीईसी हे औषध तिथलंच. १९४८ सालीच सुब्बाराव गेले, ५३ व्या वर्षी. जीवरसायन, कर्करोग, जंतशास्त्र, पोषण, सगळीकडे ते आहेत. आज त्यांना तुमच्या यादीत कुठल्या खणात टाकलं असतं?

टिळकवाडीकर

यादीत १७४ उपशाखा आहेत. तुमचे सर्वात जास्त पेपर ज्या उपशाखेत, तिथेच तुमचा क्रमांक लागतो. बाकी ठिकाणी पसरलेलं काम असलं तरी खण एकच. सुब्बाराव जीवरसायनात गेले असते आणि हत्तीरोगवाल्यांना ते दिसलेच नसते. म्हणून तर मी म्हणतो, क्रमांक बघू नका, 'यांना कोणी उद्धृत केलं' ही यादी उघडा, पहिले पन्नास पेपर वाचा, त्यांचे विषय लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. निवड समितीला अर्धा तास नाही?

निपाणीकर_पुण्यात

नाही. एका जागेला शेकडो अर्ज असतात. तुमची पद्धत एका माणसावर ग्रंथ लिहायला छान आहे. शेकडो अर्जांतून दहा निवडताना समिती पुन्हा ओळखीच्या नावांकडेच वळते. मला तो आकडा हवाय, वाईट असला तरी, कारण तो मला खोलीत तरी घेतो. खोलीत गेल्यावर तुमची पद्धत लावा.

खानापूर_दवाखाना

सुब्बारावांच्या त्या ॲमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट मी संधिवाताच्या पेशंटला लिहून देतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जीव जातो, म्हणून चिठ्ठीवर लाल पेनने 'फक्त रविवार' लिहितो, कन्नडमध्येही आणि मराठीतही. ही चिठ्ठी लिहिताना मी कोणाला उद्धृत करतो? कोणालाच नाही. माझ्यासारखे हजारो डॉक्टर ज्ञान वापरतात आणि पेपर लिहीत नाहीत. तुमच्या दोघांच्याही मोजणीत आम्ही नाहीच. टिळकवाडीकरांचा परकेपणा त्यांनी पेपर लिहिणाऱ्यांपुरताच ठेवलाय.

टिळकवाडीकर

हा मुद्दा मला मान्य आहे, पण त्याने माझा मुद्दा पडत नाही, लांबतो. सरकारी मार्गदर्शिका, औषधांच्या याद्या, आशाताईंच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिका यांतही संशोधन वापरलेलं असतं, स्कोपस ते मोजत नाही. दोडामार्गच्या गोचिडीवाल्याचं काम अशा कागदांत सापडेल. तेही 'कुठून' मध्येच येतं.

खानापूर_दवाखाना

मग ते मोजायचं कोणी? तुम्ही?

टिळकवाडीकर

यंदा मी एवढं करणार आहे. व्यवस्थापनाला नुसती नावं देणार नाही. प्रत्येक नावासमोर चार रकाने: करिअरची यादी की वर्षाची, स्वतःचीच सायटेशन किती टक्के, पहिलं किंवा शेवटचं नाव असलेल्या पेपरांवरची किती, आणि उद्धृत करणाऱ्या पहिल्या पन्नास पेपरांचे विषय. खाली एक ओळ, की ज्यांची नावं यादीत नाहीत अशा दोघांचं काम जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने वापरलंय, ते असं असं.

निपाणीकर_पुण्यात

सर, शेवटचे दोन रकाने छापील फ्लेक्सवर मावणार नाहीत, ते कापले जातील. पहिल्या पानावर स्वतःच्या सायटेशनची टक्केवारी घ्या आणि ती ठळक टायपात द्या.

खानापूर_दवाखाना

आणि यादीत नसलेल्या त्या दोघांना आधी विचारा. आरोग्य खात्याने काम वापरलं असं जाहीर छापलं, तर त्यांच्या विभागप्रमुखांना आपलं नाव का नाही असा प्रश्न पडेल, आणि पुढच्या पेपरावर ते आपोआप येईल.